भेट मिळणारे रिब्रीदर बचाव पथकाने स्वीकारावेत का?

हरिपूरकर :

सांगलीत कृष्णेच्या काठी आम्हा सोळा जणांचे एक स्वयंसेवी बचाव पथक आहे. २०१९ साली आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले (तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे), तेव्हा आम्ही होड्या चालवल्या आणि २०२१ सालीही चालवल्या. वर्षातील उरलेल्या दिवसांत मात्र आमच्याकडे बहुतेक वेळा एकच काम येते, ते म्हणजे डोहात, विहिरीत किंवा दगडाच्या खाणीत बुडालेल्या माणसाचा देह शोधून काढणे. आमच्यापैकी चौघांनी पाठीवर सिलिंडर घेऊन बुडी मारण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतले आहे.

मूळचे आमच्याच गल्लीतले आणि आता परदेशात स्थायिक झालेले एक गृहस्थ पथकाला दोन क्लोज्ड सर्किट रिब्रीदर भेट देऊ इच्छितात. त्यांनी स्वतः ते वापरले आहेत. मात्र गेली चार वर्षे ते त्यांच्या गॅरेजमध्ये पडून आहेत. सोबत शोषकाचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या दाण्यांचा, दीड ड्रम आणि ऑक्सिजन मोजणारे काही सेन्सर येणार आहेत. साध्या सिलिंडरवर आपण सोडलेला श्वास बुडबुड्यांतून निघून जातो आणि त्यातील न वापरलेला ऑक्सिजनही वाया जातो. रिब्रीदर तोच श्वास फिरवून, त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून, शरीराने खर्च केला तेवढाच ऑक्सिजन परत घालतो, त्यामुळे तीन लिटरचा सिलिंडर काही तास पुरतो. पथकातील निम्म्या मंडळींचे म्हणणे असे की धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. मला महिनाअखेर उत्तर द्यायचे आहे. यात धोका नेमका कोणता आहे आणि पुरेशी खबरदारी घेतल्यास आमच्या कामाला या यंत्राचा उपयोग होईल का, हे जाणकारांनी सांगावे.

वाईकर :

आमच्याकडे आजोबा काहिलीत बसून पूर ओलांडत असत आणि त्यांना सेन्सर बदलावा लागत नसे. विनोद सोडा, पण चार वर्षे पडून राहिलेली मोटरसायकलसुद्धा आपण मेकॅनिकला दाखवल्याशिवाय घाटात घालत नाही.

समुद्रपक्षी :

मी मूळचा विट्याचा, सध्या कामानिमित्त समुद्रकिनारी असतो आणि गेली नऊ वर्षे रिब्रीदर वापरतो. त्यामुळे या यंत्राला मी खुनी म्हणणार नाही. त्यावर बुडबुडे नसल्याने मासे जवळ येतात, श्वास उबदार व दमट मिळतो, आणि साठ मीटरवर तासभर काढायचा असेल तर दुसरा शहाणा मार्ग जवळपास नाही. पण साधा सिलिंडर बिघडला की तो आवाज करतो, हवा कमी देतो किंवा बंद पडतो. म्हणजे बिघाड तुम्हाला कळतो. रिब्रीदर बिघडला तरी श्वास तितक्याच सहज येत-जात राहतो, फक्त त्या श्वासात काय आहे ते बदललेले असते. सगळा धोका येथे आहे.

माझा स्वतःचा प्रसंग सांगतो. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी मी शोषकाचा डबा धुऊन, भरून यंत्रात बसवला. डब्याच्या तोंडाशी एक जाड रबरी ओ-रिंग असते, ती पुसून मी नळाच्या तोटीवर अडकवली होती आणि तेवढ्यात फोन आला. यंत्र जोडून झाल्यावर मी दाबाच्या दोन्ही चाचण्या केल्या आणि दोन्ही उत्तीर्ण झाल्या, कारण त्या चाचण्या फक्त बाहेर गळती आहे का एवढेच पाहतात. आतल्या आत श्वास डब्याला वळसा घालून चालला असेल तर त्यांना काहीही कळत नाही. अठरा मीटरवर प्रवाहाविरुद्ध पाय मारताना मला धाप लागली. पहिल्यांदा वाटले की वय झाले. मग कपाळात ठणका सुरू झाला, आणि सर्वांत विचित्र गोष्ट अशी की दुसऱ्या सिलिंडरचा रेग्युलेटर छातीवरच लटकत असूनही तोंडातले माउथपीस काढायचे धाडस होईना, कारण एक श्वास जरी चुकला तरी आपण मरू असे वाटत होते. सोबत्याने माझे डोळे पाहिले आणि रेग्युलेटर माझ्या तोंडापुढे धरला. घरी परतलो तेव्हा ओ-रिंग तोटीवर जशीच्या तशी लटकत होती.

तेव्हापासून मी यंत्र जोडताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो आणि छापील तपासयादी हातात घेऊन, प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून, खूण करत जातो. सगळे पाठ असले तरी वाचतो.

चिकित्सक :

समुद्रपक्षी यांचा अनुभव बोलका आहे, परंतु एका अनुभवावरून यंत्राची लायकी ठरत नाही. रिब्रीदरवरील मृत्यूंची काही मोजदाद झाली आहे का?

समुद्रपक्षी :

झाली आहे. अँड्र्यू फॉक या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी २०१३ साली १९९८ ते २०१० या काळातील १८१ मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि साध्या सिलिंडरच्या तुलनेत जोखीम सुमारे दहापट असावी असा अंदाज बांधला. जगात रिब्रीदरवर एकूण किती बुड्या मारल्या जातात याचा हिशेब कोणी ठेवत नाही, तेव्हा छेद अंदाजाचाच आहे, हे तुमच्याआधी मीच सांगून ठेवतो.

भूलतज्ज्ञ_मिरज :

पाण्याशी माझा संबंध कृष्णेच्या नळापुरताच आहे, परंतु ज्या यंत्राची चर्चा चालू आहे त्याचा सख्खा भाऊ माझ्यासमोर ऑपरेशन थिएटरमध्ये रोज उभा असतो. भूल देण्याच्या यंत्रातही रुग्णाचा श्वास चक्राकार फिरतो, सोडा लाइमच्या डब्यातून जातो आणि परत येतो. म्हणून तीन गोष्टी लिहिते.

पहिली गोष्ट ऑक्सिजन कमी पडण्याची. आपल्याला श्वास कोंडल्याची जी जाणीव होते ती प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. रिब्रीदरमध्ये तो वायू डब्यात शोषला जात असतो. अशा वेळी ऑक्सिजनचा पुरवठा थांबला तर माणसाला गुदमरल्यासारखे अजिबात होत नाही, उलट काही जणांना बरेच वाटते, आणि मग दिवा मालवावा तशी शुद्ध जाते. आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची पद्धत आहे, ती याच कारणाने पडली असावी, कारण खाली उतरणाऱ्याचे नाक त्याला सावध करत नाही. त्या कंदिलावरही पूर्ण भरवसा ठेवू नये, कारण विषारी वायूंपैकी काही त्याला कळत नाहीत. पण निदान तो विझलेला दिसतो.

दुसरी गोष्ट ऑक्सिजन जास्त होण्याची. १८७८ साली पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की दाबाखालचा ऑक्सिजन मेंदूला विषारी ठरतो आणि फेफरे आणतो. ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे मिश्रणातील एकट्या ऑक्सिजनचा दाब, १.६ बारच्या वर जाऊ नये (१ बार म्हणजे साधारण समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब) असे पाणबुड्यांना शिकवतात आणि काम करताना तर १.३ च्या आसपासच ठेवतात. शुद्ध ऑक्सिजनवर हा १.६ चा आकडा अवघ्या सहा मीटरवर, म्हणजे वीस फुटांवर येतो. फेफरे बहुधा पूर्वसूचना न देता येते. जमिनीवर माणूस त्यातून उठतो, पाण्यात मात्र तोंडातले माउथपीस सुटते आणि तो बुडतो.

तिसरी गोष्ट सोडा लाइमची. हे प्रामुख्याने कॅल्शियम हायड्रॉक्साइड असते, त्यात थोडा सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला कॉस्टिक सोडा. वायू शोषताना ते गरम होते आणि पाणी सोडते. आमच्या थिएटरमधील दाणे संपत आले की जांभळे होतात, आणि रात्रभर तसेच ठेवले तर रंग पुन्हा बराचसा पांढरा दिसू लागतो, शोषण्याची शक्ती मात्र परत आलेली नसते. नवख्या तंत्रज्ञाला सर्वांत आधी हेच शिकवावे लागते. चहाचा चोथा पुन्हा उकळावा तसे हे दाणे पुन्हा वापरता येत नाहीत. ड्रम एकदा उघडला की हवेतला वायू शोषून आणि वाळून ते आपोआप निकामी होत जातात, त्यामुळे त्या ‘दीड’ ड्रमातील अर्धा मी आजच वजा करते.

एक मोठा फरक मात्र सांगायला हवा. माझ्या यंत्रावर प्रत्येक श्वासातील कार्बन डायऑक्साइड पडद्यावर दिसतो. पाण्याखालच्या बहुसंख्य यंत्रांत तो मोजलाच जात नाही, डबा भरल्याची वेळ लिहून ठेवायची आणि घड्याळ पाहायचे एवढेच हाती असते, असे मी वाचले आहे. हे खरे आहे का?

समुद्रपक्षी :

खरे आहे, ताई. काही नव्या यंत्रांत तो सेन्सर येतो, परंतु तो सर्रास नाही. म्हणून बुडीपूर्वी नाक बंद करून पाच मिनिटे यंत्रावर श्वास घेण्याची रीत पडली, की काही त्रास झाला तर काठावरच कळावा. २०१५ साली ऑकलंडमध्ये तिचीच परीक्षा झाली. डबाच काढून टाकलेल्या यंत्रावर २० पैकी १५ जण पाच मिनिटांच्या आत थांबले, अर्धवट बिघडलेल्या डब्यावर मात्र २० पैकी फक्त २ थांबले. म्हणजे माझ्यासारख्या ओ-रिंग विसरलेल्या माणसाला ती पाच मिनिटे वाचवतीलच असे नाही. तरीही मी ती करतो, कारण ऑक्सिजन वेळेवर आत येतो आहे की नाही आणि सेन्सर जागे आहेत की नाहीत, हे त्यात दिसते.

गॅसवाला_सातारा :

आमच्या शेडमध्ये ऑक्सिजनचे सिलिंडर रोज हाताळले जातात. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल किंवा ग्रीस लागले तर ठिणगीचीही गरज नसते. व्हॉल्व्ह झटकन उघडला की पुढच्या नळीतील वायू एकदम दाबला जाऊन इतका तापतो की तेलाचा डाग पेटतो. बचाव पथकाची मंडळी होडीच्या इंजिनाला हात लावतात आणि त्याच हाताने हे सिलिंडर उघडणार असतील, तर पाण्यात उतरण्याआधीच अपघात व्हायचा. व्हॉल्व्ह नेहमी सावकाश उघडावा. शिवाय आपल्याकडील औद्योगिक सिलिंडर साधारण १५० बारचा असतो, त्यातून लहान सिलिंडर भरताना दोन्हींचा दाब सारखा झाला की भरणे थांबते. दुसऱ्या खेपेला त्याहून कमी, तिसऱ्या खेपेला आणखी कमी. दाब वाढवणारा बूस्टर लागेल आणि त्याचा खर्च भेटीत धरलेला नसणार.

निवृत्त_नौसैनिक :

मी सातारा जिल्ह्यातला, नौदलात पाणबुड्या म्हणून सेवा करून निवृत्त झालो. सुरुंग शोधणाऱ्या पाणबुड्यांना बुडबुडे व आवाज चालत नाहीत म्हणून ते हे यंत्र वापरतात. ते वापरायचे असेल तर आपण आपले यंत्र तपासतो, मग सोबती तपासतो, मग वरिष्ठ तपासतो, आणि तिघांपैकी कोणालाही शंका आली तर बुडी रद्द होते व कोणी कारण विचारत बसत नाही. तुमच्या पथकात रात्री दोन वाजता फोन येतो, काठावर मृताचे नातेवाईक रडत असतात, सरपंच घाई करतो आणि कोणीतरी मोबाइलवर चित्रण करत असते. त्या गर्दीत तुम्ही शांतपणे पंचवीस मिनिटे यादी वाचाल का, हा प्रश्न स्वतःला विचारा. मी तुम्हाला नाउमेद करत नाही. मी स्वतः त्या गर्दीत उभा राहिलो आहे आणि माझेही हात घाई करू लागले होते.

कोयनाकाठ :

थोडे वेगळे विचारतो. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात, तापोळा-बामणोलीच्या बाजूला, बुडालेल्या गावांच्या जागी बुडी मारण्याची माझी जुनी इच्छा आहे. तेथे पाणी खोल आणि उन्हाळ्यात बरेच स्वच्छ असते. तेथे हे यंत्र चालेल का?

गणिताचे_मास्तर :

चालेल की नाही ते समुद्रपक्षी सांगतील, मी आकडे मांडतो. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटर उंच आहे, शिवसागर भरला की त्याची पातळी ६६० मीटरच्या आसपास असते. म्हणजे साताऱ्यात हवेचा दाब १ बार नसून सुमारे ०.९३ बार असतो. रिब्रीदरचे सेन्सर काठावर शुद्ध ऑक्सिजन सोडून जुळवतात. यंत्राला आपण ‘हा १ बार ऑक्सिजन आहे’ असे सांगितले आणि प्रत्यक्षात तो ०.९३ असला, तर पुढे पाण्यात यंत्र १.३ दाखवेल तेव्हा खरा आकडा १.२ असेल. फेफऱ्याच्या दृष्टीने ही चूक सुरक्षित बाजूची आहे, पण शरीरात साठणारा नायट्रोजन आपण समजतो त्यापेक्षा जास्त असेल. साधारण ३०० मीटरच्या वर किती खोलीवर किती वेळ राहायचे याचे सर्व तक्ते उंचीप्रमाणे बदलून घ्यावे लागतात, सिलिंडर साधा असो वा नसो.

समुद्रपक्षी :

मास्तरांचे गणित बरोबर आहे, बऱ्याच यंत्रांत हवेचा दाब मोजून हे आपोआप होते, पण जुन्या यंत्रांत हाताने भरावे लागते. आणि कोयनाकाठ, आधी परवानगीचे पाहा, धरणाचे पाणी हे काही तारकर्लीचा किनारा नव्हे.

सेन्सरचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. त्यात शिसे असते आणि ते ऑक्सिजनमुळे हळूहळू झिजत जाते, बुडी मारा अथवा मारू नका. वर्षभराने किंवा फार तर दीड वर्षाने तो फेकायचा असतो. चार वर्षे गॅरेजमध्ये राहिलेले सेन्सर म्हणजे नुसती टोपणे. त्याहून वाईट अवस्था अर्धमेल्या सेन्सरची. तो हवेत साधारण १० मिलिव्होल्ट दाखवतो, शुद्ध ऑक्सिजनमध्ये ४७-४८ दाखवतो, म्हणजे काठावर ठणठणीत दिसतो. पण दाबाखाली १.२ च्या वर चढण्याचे बळ त्याच्यात नसते. यंत्राला १.३ हवे असते, सेन्सर १.२ वर अडलेला असतो, म्हणून यंत्र ऑक्सिजन ओततच राहते. तीन सेन्सर असतात आणि यंत्र दोघांचे ऐकते. तिन्ही एकाच दिवशी विकत घेतलेले असतील तर दोन थकलेले मिळून तिसऱ्या खऱ्याला खोटे ठरवतात.

वाईकर :

आमच्या ग्रामपंचायतीतही हाच नियम आहे.

समुद्रपक्षी :

हसू नका, म्हणूनच तिन्ही एकदम बदलत नाहीत. यावर पाण्याखालीच करता येणारी एक खात्रीची तपासणी आहे. वीस मीटरवर दाब ३ बार असतो. चक्रात साधी हवा जोराने सोडली की तिन्ही आकडे ०.२१ गुणिले ३, म्हणजे ०.६३ च्या जवळ यायलाच हवेत. जो येत नाही तो खोटा. त्यासाठी अर्थात आकडे वाचता आले पाहिजेत.

हरिपूरकर :

समुद्रपक्षी, आपण सहज लिहिलेल्या शेवटच्या वाक्यापाशी मी अडलो आहे. आमच्या डोहात आणि विशेषतः पावसाळ्यात हाताचा पंजा मास्कला टेकवला तरी दिसत नाही. आम्ही सगळे काम चाचपूनच करतो; झुडूप, जाळे, बैलगाडीचे चाक आणि माणूस यांतला फरक बोटांनी ओळखतो. हँडसेटवरचा, म्हणजे यंत्राच्या हातातल्या पडद्यावरचा, आकडा आम्ही वाचायचा कसा?

समुद्रपक्षी :

डोळ्यासमोर लुकलुकणारा दिवा असतो, तो मास्कजवळ असल्याने गढूळ पाण्यातही बहुधा दिसतो. पण तो ‘ठीक’ किंवा ‘ठीक नाही’ एवढेच सांगतो, तिन्ही सेन्सरचे आकडे पडताळून पाहण्याइतका तपशील त्यात वाचणे कठीण. रिब्रीदर शिकवणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी सांगतो की आपल्या ऑक्सिजनचा आकडा तुम्हाला सतत माहीत असला पाहिजे. तुमच्या पाण्यात तो माहीत असणे शक्य नाही, हे मी मान्य करतो. खरे सांगायचे तर माझ्या डोळ्यांपुढे निळे पाणी होते, म्हणून हे मी आधीच लिहायला हवे होते ते राहून गेले.

चिकित्सक :

मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. १८८० साली इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीखालच्या बोगद्यात पाणी शिरले, तेव्हा अलेक्झांडर लँबर्ट या पाणबुड्याने हेन्री फ्ल्यूस यांनी बनवलेला ऑक्सिजनचा रिब्रीदर घालून गुडुप अंधारात सुमारे तीनशे मीटर आत जाऊन लोखंडी दार बंद केले. त्याला काय दिसत होते? त्याआधी हवेची लांब नळी ओढत जाण्याचा प्रयत्न अडकून फसला होता. म्हणजे अंधार आणि अडथळे, हे तर रिब्रीदरचेच क्षेत्र ठरले.

भूलतज्ज्ञ_मिरज :

लँबर्ट धाडसी होता यात शंका नाही, पण त्याच्या यंत्रात सेन्सरच नव्हता, म्हणून आकडा न दिसल्याचे त्याला दुःखही नव्हते. तो नशिबाने परत आला. आपण त्याची गोष्ट सांगतो कारण तो परत आला.

निवृत्त_नौसैनिक :

चिकित्सक यांच्या उदाहरणात काम एकाच माणसाने एकदाच करायचे होते. देह शोधणाऱ्यासाठी डेव्हिड शॉ यांचे उदाहरण जवळचे आहे. ते अत्यंत कुशल पाणबुडे होते, व्यवसायाने वैमानिक. दक्षिण आफ्रिकेतील बूसमन्सगाट या पाण्याने भरलेल्या गुहेत १९९४ साली मरण पावलेल्या डिऑन ड्रेयर या तरुणाचा देह वर आणण्यासाठी ८ जानेवारी २००५ रोजी ते २७० मीटरवर उतरले. तळाशी रुतून बसलेला असेल असे वाटलेला देह हात लावताच तरंगू लागला, दोर दिव्याच्या तारेत अडकला, सोडवण्याच्या धडपडीत श्वास वाढला आणि त्या खोलीवरच्या दाट वायूत फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकू शकली नाहीत. तेथेच त्यांचा अंत झाला. काही दिवसांनी दोर वर ओढताना दोन्ही देह वर आले. आपण २७० मीटरवर जात नाही हे मला ठाऊक आहे. पण देह अनपेक्षितपणे हलतो, कपडे व दोर अडकतात आणि माणूस धडपडतो, हे तुमच्या तीस फुटांच्या डोहातही तसेच घडते.

समुद्रपक्षी :

त्यात भर घालतो. धडपडीत धाप लागली की बाजूच्या साध्या सिलिंडरवर, म्हणजे बेलआउटवर जायचे असते. शांत माणूस मिनिटाला वीस लिटर हवा घेतो, कार्बन डायऑक्साइडने बेजार झालेला पन्नास घेतो. तीस मीटरवर दाब चौपट, म्हणजे मिनिटाला दोनशे लिटर. तीन लिटरचा सिलिंडर २०० बारला भरला तरी त्यात सहाशे लिटर. तीन मिनिटे. काहीजण लहान बेलआउट घेऊन जातात ते हा गुणाकार कधी करत नाहीत म्हणून. आणि वर आल्यावरही सुटका झाली असे समजू नये. रॉब स्टुअर्ट हे कॅनडाचे चित्रपट दिग्दर्शक ३१ जानेवारी २०१७ रोजी फ्लोरिडाजवळ रिब्रीदरवरची बुडी संपवून वर आले, ठीक असल्याची खूण केली आणि बोटीजवळच बुडाले. पाणी उथळ होत जाते तसा त्याच टक्केवारीतला ऑक्सिजनचा आंशिक दाब कमी होत जातो, त्यामुळे शेवटचे काही मीटर सर्वांत फसवे असतात.

गणिताचे_मास्तर :

मग मूळ प्रश्नासाठी उलट गणित करू. डोह दहा मीटरचा धरला तर दाब दुप्पट, शांत श्वासाला मिनिटाला चाळीस लिटर. बारा लिटरचा साधा सिलिंडर २०० बारला म्हणजे चोवीसशे लिटर, एक तृतीयांश राखीव ठेवला तरी चाळीस मिनिटे मिळतात. हरिपूरकर, तुमचा माणूस एका खेपेला किती वेळ खाली असतो?

हरिपूरकर :

वीस मिनिटे. त्यानंतर थंडीने आणि ताणाने बोटांना काही कळेनासे होते, म्हणून आम्हीच माणूस बदलतो. म्हणजे हवा कमी पडली म्हणून शोध थांबवावा लागला, असे आमच्याबाबतीत आजवर एकदाही घडलेले नाही. हा हिशेब मी भेटीचे पत्र आल्यावर लगेच करायला हवा होता.

गॅसवाला_सातारा :

विहिरीचे तर त्याहून सोपे. दोन मोटरी लावून पाणी उपसा. २०१८ साली थायलंडच्या गुहेत मुले अडकली तेव्हा आपल्या किर्लोस्करांचे तज्ज्ञ पाणी उपसण्याच्या सल्ल्यासाठी गेले होते आणि पाठवण्यासाठी पंप किर्लोस्करवाडीत तयार ठेवले होते. फक्त डिझेलचे इंजिन विहिरीच्या तोंडाशी ठेवू नये, धूर खाली उतरतो.

निवृत्त_नौसैनिक :

माझे मत विचाराल तर देणाऱ्या गृहस्थांना स्पष्ट सांगा की आम्हाला यंत्राऐवजी चार वस्तू द्या. तोंड-नाक-डोळे झाकणारा फुल फेस मास्क, म्हणजे शुद्ध हरपली तरी तोंडातून काही सुटणार नाही आणि घाण पाणी पोटात जाणार नाही. काठावरून हवा पुरवणारी नळी व श्वसनासाठीच बनवलेला कॉम्प्रेसर, आणि पाठीवर एक लहान राखीव सिलिंडर. काठाशी बोलता येईल अशी तार. चांगला दोर. काही ठिकाणी पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर नळी लावून माणसे उतरवतात असे मी पाहिले आहे. तेलाची वाफ आणि इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड सरळ फुप्फुसात जातो, ते कृपा करून कधीही करू नका.

चिकित्सक :

मी माझा विरोध निम्मा मागे घेतो. यंत्र वाईट नाही, पत्ता चुकला आहे. पण पथकातील एखाद्याला पुढे समुद्रात शिकायचे असेल तर एक यंत्र ठेवून घ्यायला काय हरकत आहे?

समुद्रपक्षी :

शिकायचे असेल तर त्याच बनावटीच्या यंत्रावर, त्याच बनावटीचा प्रशिक्षक गाठून शिकावे लागते. एका यंत्राचा परवाना दुसऱ्यावर चालत नाही. यंत्र कपाटात असले की एखाद्या मे महिन्यात कोणीतरी ‘नुसते विहिरीत घालून पाहू’ म्हणणारच. विहीर वीस फुटांहून खोल असते, एवढेच सांगतो.

हरिपूरकर :

काल रात्री त्या गृहस्थांशी बोललो. त्यांना वाईट वाटेल अशी भीती होती, परंतु त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि सेन्सरवरच्या तारखा पाहून सांगतो म्हणाले. आज सकाळी त्यांनी छायाचित्र पाठवले आहे. यंत्र उघडले तर चार वर्षांपूर्वीच्या शेवटच्या बुडीतला शोषक डब्यात तसाच होता, ओल धरून त्याची वीट झाली होती आणि डबा आता निघत नाही. ते बुडीनंतर नेहमी डबा रिकामा करत असत, त्या दिवशी पाहुणे येणार होते म्हणून राहिला, असे त्यांनी लिहिले आहे. दोन्ही यंत्रे ते आता बनवणाऱ्या कंपनीकडे तपासणीला देणार आहेत आणि आम्हाला फुल फेस मास्क दोन, बोलण्याची तार व दोर पाठवणार आहेत. कॉम्प्रेसरसाठी आम्ही गावात वर्गणी काढू.

वाईकर :

म्हणजे गाईचे दात शेवटी मालकानेच मोजले.

भूलतज्ज्ञ_मिरज :

ती वीट फोडताना त्यांना हातमोजे आणि चष्मा घालायला सांगा. कोरडी असताना डोळ्यात गेली तरी जळते, आणि ओली असेल तर फारच.

निवृत्त_नौसैनिक :

मास्क आल्यावर कळवा, मी एका रविवारी सांगलीला येतो. तोपर्यंत दोराच्या झटक्यांच्या खुणा सोळाही जणांनी एकच ठरवून घ्या. एक झटका म्हणजे काय हे पाण्यातल्याला आणि काठावरच्याला वेगवेगळे वाटले, तर तो दोर नसल्यासारखाच.

हरिपूरकर :

या रविवारी डोळ्यांवर पट्टी बांधून हरिपूरच्या घाटावर, गुडघाभर पाण्यात सराव सुरू करतो आहोत. काका, दोर कितपत जाड घ्यावा?

निवृत्त_नौसैनिक :

थंडीने बधिर झालेल्या मुठीत भरेल इतका. दुकानात जाल तेव्हा ओले हातमोजे घालून धरून पाहा.